सायंकाळची मजुरी



मत्तयाच्या शुभवर्तमानांतील (अध्याय 20) द्राक्षमळ्याचा धनी दिवसांतून पांच वेळां मजूर शोधावयास बाहेर पडतो. शेवटच्या खेपेस, सुमारें पांच वाजतां, आलेल्यांसहि पूर्ण दिवसाचा दिनार देतो. या औदार्याविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. मला आज निराळेंच सांगावयाचें आहे: ती मजुरी त्याच सायंकाळीं हातावर पडली.

मोशेच्या नियमशास्त्रांत (अनुवाद 24) आज्ञाच आहे कीं, गरीब मजुराचें वेतन सूर्यास्तापूर्वीं द्यावें, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. पोप तेरावे लिओ यांनीं 1891 च्या परिपत्रांत मजुरी बुडविणें हा स्वर्गाकडे दाद मागणारा अपराध म्हटला आहे.

आपल्या वाडींत निंदणीस येणारी बाई सायंकाळीं दाराशीं उभी राहते. "शनिवारीं पाहूं," असें आपण सहज म्हणतों. (शनिवारीं कोण पाहतो, तें तिला ठाऊक असतें.) आणि त्याच घरांत ज्युबिलीच्या वर्गणीची पावती मोठ्या हौसेनें जपून ठेवलेली असते!

ज्यांच्याकडे अशी मजुरी राहिली असेल, त्यांनीं ती आज घरीं जातांच चुकती करावी, वर्गणी मागाहून द्यावी. आपल्या हिशेबनिसांस मीं तसें सांगून ठेवलें आहे.