बूट घ्या संध्याकाळी

ट्रेकचे बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात; सकाळी चपखल बसलेला बूट दुपारी चावू लागतो. मोजे ट्रेकचेच, जाड घाला. नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. मग नाडी आवळून दुकानाचा जिना उतरून पाहा, दुकानदार बघत राहिला तरी. बोटं पुढे आपटली तर तो बूट नको. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर चढताना दम लागतो, पण नखं काळी पडतात ती उतरताना. वॉटरप्रूफ बुटांचं फार कौतुक नको. ओढ्यात वरून शिरलेलं पाणी त्यांच्यातून लवकर निघत नाही.