अंगठा आणि लेखणी



महात्मा जोतीराव फुल्यांवर बोलण्याइतके आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा म्हणजे कामगारांची चाळ आणि युनियनची कचेरी. तेव्हा पोथीतले थोडे आणि अनुभवातले थोडे सांगू.

जोतीरावांनी सरकारी बांधकामांचे ठेके घेतले होते. मजुरांच्या नावाने निघालेला पैसा वाटेत कोठे मुरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १८८३ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी कचेरीतली लूट उघडी केली. हात ओले केल्यावाचून कुलकर्णी-कारकुनांकडचा कागद हलत नाही आणि वरचा गोरा साहेब ऐषआरामात दंग! जोतीरावांनी दोघांनाही सोडले नाही.

पण लाचखाऊला शिव्या देणारे पुष्कळ असतात. कारकुनाला खाता का येते, हे जोतीरावांनी विचारले. लेखणी बव्हंशी एकाच जातीच्या हाती आणि अंगठा रयतेचा, म्हणून! यासाठीच त्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांची रात्रशाळा काढली होती. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी रोखठोक सांगितले, की तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. १८९० मध्ये कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली.

आता आमची कबुली. विशीत आम्ही एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागलो. मुकादम पगारातून हप्ता कापी आणि पुऱ्या रकमेवर सही घेई. शेजारचा म्हातारा अंगठा उठवताना विचारी, “काय लिवलंय रं पोरा?” आम्ही म्हणत असू, “बरोबर हाय, बाबा.” आम्हांला वाचता येत होते, पण नोकरीची भीती होती. ते खोटे आजही टोचते. वाचता येऊन गप्प बसणारा हा त्या कारकुनाचाच भाऊ!

म्हणून आमच्या युनियनचा पहिला नियम असा: कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणी अंगठा उठवायचा नाही, मग कागद मालकाचा असो की खुद्द आमचा.

श्रोतेहो, आपण सारे वाचणारे आहात. शेजारी कोणाचा अंगठा उठत असेल, तर तेवढा कागद वाचून दाखवा. एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.