द्राक्षाचा बर्फचुरा, वाइनशिवाय

 

आज बोलायचंय उन्हाळ्यातल्या एका गार पदार्थाबद्दल. शहरातून पाहुणे यायला लागले की द्राक्षबागेच्या पर्यटन केंद्रांवर त्याची मागणी सुरू होते. ते लोक त्याला फ्रोझन वाइन कॉकटेल म्हणतात. नाव मोठं आहे, पण प्रकार साधा आहे. वाइनमध्ये फळांचा रस, फळांच्या फोडी आणि साखर घालायची, ते गोठवायचं आणि खरवडून ग्लासात भरायचं. स्पेन-पोर्तुगालकडे वाइनमध्ये फळं घालून सांग्रिया करतात, त्याचाच हा बर्फातला भाऊ. आपल्या गोळ्याच्या गाडीवर मिळतो तसा दिसतो, लालभडक.

आमचा गट दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यातला. इथं द्राक्ष म्हणजे घरचा कारभार. गोडी छाटणीपासून माल खुडेपर्यंत बायकांचे हात बागेतच असतात. तेव्हा एका पर्यटन केंद्राने आमच्याकडे विचारणा केली, की हे कॉकटेल तुमच्या गटाने करून द्याल का, मार्च ते मे रोजचे ग्लास लागतील, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना आनंदच झाला. मग मासिक बैठकीत विषय निघाला आणि दोन तास संपेना.

एक मावशी म्हणाल्या, "द्राक्ष आपलं, मजुरी आपली, आणि शेवटी बाटली कुणाच्या घरात फुटते तेही आपल्याला ठाऊक आहे." त्यांच्या माहेरच्या गावात बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडलेलं. त्यांना हे काम गटाच्या नावावर नको होतं. दुसरी एक वहिनी म्हणाली, "आमच्या प्लॉटचा माल वायनरीला जातो. वर्षाचा खर्च त्याच्यावर निघतो. आता वाइनचं नाव घेतलं की नाक मुरडायचं हे मला जमणार नाही." दोघींचंही खरं होतं. कुणी कुणाला गप्प केलं नाही, हे आमच्या गटाचं चांगलं आहे.

मग आम्ही एक केलं. वाद बाजूला ठेवून आधी वाइन म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं होतं, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असंही आपण ऐकलं. त्याचा हिशेब मांडून बघा. वाइनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. दीडशे मिलीचा एक ग्लास घेतला तर पोटात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल जातं. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग घेतला तर सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एका ग्लासात एका छोट्या पेगापेक्षा जास्तच. द्राक्षाची आहे म्हणून ती सरबत होत नाही.

आणि गोठवल्याने अल्कोहोल उडून जातं हा समज तर अगदीच चुकीचा. ते जिथल्या तिथे राहतं. उलट थंडगार आणि गोड असल्यामुळे त्याची जळजळ जिभेला लागत नाही, माणूस भराभर खातो. उन्हात हे आणखी वाईट, कारण अल्कोहोलने लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी कमी होतं. आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटली ती पोरांची. लाल बर्फाचा चुरा, वर टरबुजाची फोड. सहा वर्षांच्या पोराने टेबलावरचा ग्लास उचलला तर त्याला काय कळणार? या एका मुद्द्यावर मघाच्या मावशी आणि वहिनी दोघी एका बाजूला आल्या.

कायद्याची गोष्टही सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि वाइन त्यातच येते. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लागतो. घरी द्राक्ष आंबवून "घरगुती वाइन" विकायची कल्पना कुणी दिली तर हात जोडा. गटाचं नाव, बँकेचं खातं, सगळं अडचणीत येईल.

शेवटी ठरलं ते असं. गटाने फक्त द्राक्षाचा आणि फळांचा बर्फचुरा करायचा. त्यात वाइनचा थेंब नाही. ज्या केंद्राकडे परवाना आहे त्यांनी त्यांच्या काउंटरवर, मोठ्या माणसाने मागितल्यावर, त्याच्या समोर आपली वाइन मिसळावी. तीन वाटे चुरा आणि एक वाटा वाइन, त्याहून जास्त घातली तर ते घट्ट राहत नाही, पाणी होतं. तो त्यांचा धंदा. आमची बाई त्या काउंटरमागे उभी राहणार नाही. आमच्या डब्यावर "द्राक्ष बर्फचुरा, मद्यविरहित" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आम्ही शाळेच्या गॅदरिंगला, लग्नाच्या हळदीला, आठवडी बाजाराला पण नेतो. आणि तिथेच जास्त खपतो, हे त्या पर्यटन केंद्राला सांगायची गरज नाही.

आता करायचं कसं ते ऐका. वही-पेन असेल तर घ्या.

काळी द्राक्षं दोन किलो. आमच्याकडे शरद सीडलेस मिळतात. पॅकिंगला घडातून सुटलेले मणी असतात ना, ते चालतात, स्वस्त पडतात, पण फुटलेले आणि बुरशी आलेले काढून टाका. बागवाल्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, औषध मारल्यानंतर किती दिवस थांबायचं ते त्याच्या नोंदवहीत असतं. ते दिवस भरले नसतील तर माल घेऊ नका, धुऊन सगळंच जात नाही. मग मणी वाहत्या पाण्याखाली तीनदा चांगले चोळून धुवा. काहीजणी खाण्याचा सोडा घालून धुतात. तसं केलंत तर नंतर साध्या पाण्याने पुरतं निघून जाऊ द्या, कारण सोड्याने रसाचा रंग निळसर पडतो.

स्टीलच्या पातेल्यात मणी हाताने कुस्करा. पितळ नको, ॲल्युमिनियमही नको, आंबट रस भांड्याला लागतो. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, सालीचा रंग रसात उतरला की पुरे. यात दालचिनीचा बोटाएवढा तुकडा आणि दोन लवंगा टाका. हे शिजवणं टाळू नका. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट आपसूकच असतं. कच्चा रस उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर राहिला की फसफसायला लागतो, आणि मग तुमच्या मद्यविरहित डब्यात नको ती गोष्ट तयार होते. फेस आला, आंबूस वास आला तर तो रस सरळ ओतून द्या, गुरांनाही देऊ नका.

स्वच्छ सुती कापडातून गाळा. सवा लिटरच्या आसपास रस निघतो. गरम असतानाच दीडशे ग्रॅम साखर विरघळवा. मग अर्धा कप कोरा चहा, जरा कडक, दुधाशिवाय. हसू नका. वाइनचा जो तुरटपणा शहरातल्या लोकांना आवडतो, तो टॅनिनचा असतो, आणि टॅनिन चहातही आहे. हा चहा घातला की रस नुसता गोडमिट्ट लागत नाही, जीभ जरा आवळते. आमच्याकडे येणारे पाहुणे "यात वाइन नाही?" असं दोनदा विचारतात, ते त्या चहामुळे.

रस निवला की तीन लिंबं पिळा, एक कप उकळून गार केलेलं पाणी घाला, चिमूटभर काळं मीठ. लिंबू पडलं की जांभळा रस एकदम लालबुंद होतो, ते बघायला मुलींना बोलवा, त्यांना शाळेत शिकवलेलं आठवेल. चव घ्या. आता जरा जास्त गोड आणि जास्त आंबट लागला पाहिजे, कारण गार झाल्यावर जिभेला चव कमीच कळते.

साखर कमी करू का, असं हमखास विचारतात. इथे साखर फक्त गोडीसाठी नाही. साधं पाणी गोठलं की दगड होतो. त्यात साखर विरघळलेली असली की ते उशिरा आणि भुसभुशीत गोठतं. त्या कॉकटेलमध्ये हेच काम अल्कोहोल करतं. आपण वाइन काढली, म्हणजे ते काम साखरेवर आणि आपल्या हातावर आलं. साखर फारच कमी केलीत तर काट्याने खरवडताना घाम निघेल. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र हा पदार्थ बघूनच समाधान मानावं, किंवा दोन चमचे घ्यावा.

रस पसरट स्टीलच्या ताटात किंवा परातीत ओता, दोन बोटं उंचीपेक्षा जास्त नको. फ्रीजरमध्ये ठेवा. तासाभराने कडा गोठलेल्या दिसतील. काट्याने कडेचा बर्फ मोडून मध्ये आणा. मग दर अर्ध्या तासाने तेच. तीन-चार तासांत सगळा चुरा होतो, ओल्या वाळूसारखा. रात्रभर तसाच विसरलात आणि वडी झाली तर पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग मोडा. टरबुजाच्या बिया काढलेल्या फोडी, खरबूज, अर्धे कापलेले द्राक्षाचे मणी वेगळे गोठवून ठेवा आणि वाढताना ग्लासात चुऱ्याबरोबर भरा. वर पुदिन्याचं पान. एवढ्यात बारा-चौदा छोटे ग्लास होतात.

हिरवी थॉमसन द्राक्षं असतील तर रंग तपकिरी पडतो, म्हणून कुस्करतानाच लिंबू घाला, आणि दालचिनीऐवजी आलं. तेही छान लागतं, पण काळ्यासारखं दिसत नाही, आणि गिऱ्हाईक आधी डोळ्याने खातं.

आता खरी अडचण. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मे महिन्यात द्राक्ष कुठलं? म्हणून मार्चमध्येच रस करून गाळून, खाद्यपदार्थांच्या पिशव्यांत भरून डीप फ्रीजरला उणे १८ वर ठेवायचा. पिशवी गळ्यापर्यंत भरू नका, पाणी गोठताना फुगतं. काचेची बाटली तर नकोच, फुटून काच रसात जाते. वीज गेली तर फ्रीजर उघडून बघायचा मोह आवरा. भरलेला आणि बंद फ्रीजर दीड-दोन दिवस माल गोठलेला ठेवू शकतो. पण एकदा पूर्ण वितळून कोमट झालेला रस परत गोठवून विकू नका.

बाहेरचा बर्फ घालायची वेळ आली तर रंग बघा. २०१८ पासून आपल्या राज्यात खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा असा नियम आहे. निळी लादी म्हणजे मासे आणि औषधं गार ठेवायची. पांढरा असला तरी कारखान्याकडून पावती घ्या, ज्यावर तो खाण्याचा आहे असं लिहिलंय. आमच्या चुऱ्याला बाहेरचा बर्फ लागतच नाही, हाच त्याचा मोठा फायदा, आणि हे आम्ही फलकावर लिहितो.

विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी होते, फीही थोडीच असते. एवढ्याशा पैशासाठी कुणाला उगाच दलाली देऊ नका, गटातल्या शिकलेल्या मुलीकडून ऑनलाइन भरून घ्या. तो नंबर डब्यावर छापा, बनवल्याची तारीख टाका.

भाव ठरवताना द्राक्ष, साखर, लिंबू, गॅस, वीज, डबा हे सगळं धरा, आणि खरवडणाऱ्या बाईची मजुरी पण धरा. तीच नेहमी राहून जाते. चार तास दर अर्ध्या तासाला कोण उठतं? तिचे पैसे भावात आले पाहिजेत, नफ्यातून नव्हे.

त्या पर्यटन केंद्राला आम्ही याच भावाने देतो. घासाघीस झाली, पण त्यांनी घेतलं. मघाच्या मावशी आता परातीवर बसतात, काटा त्यांच्याच हातात असतो. त्या वहिनीच्या घरचा माल यंदाही वायनरीला गेला, सुटे मणी मात्र तिने गटाला दिले.

बागेत अजून माल आहे तोवर रस करून ठेवा. पुढच्या आठवड्यात कैरीच्या पन्ह्याचा अर्क वर्षभर कसा टिकवायचा ते सांगू. नमस्कार.