ती चावते म्हणजे काय म्हणते?

परवा मिरजेच्या बाजारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधलेली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “लव्हबर्ड चावला.” आणि लगेच पुढे, “नावात लव्ह, आणि चावतो कसा हो? तुम्ही कवी माणूस, तुम्हीच सांगा.”

कवीला लोक असले प्रश्न विचारतात. प्रेम, चंद्र, पाऊस आणि पक्षी यांची एजन्सी आमच्याकडे आहे, असा एक समज आहे. मी पक्षीशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालेला माणूस आहे, तेही मराठी घेऊन. पण या एका पक्ष्याबद्दल थोडंफार शिकलो आहे. ते कवितेतून शिकलो नाही आणि फुकटही शिकलो नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडे दुकानात हिरवे, निळे, पिवळे, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेले जे छोटे पक्षी लव्हबर्ड म्हणून मिळतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे. आपले हे बजरीगर. हे नाव ऐकून हा बाजरी खाणारा पक्षी असावा, असं मला बरेच दिवस वाटत होतं. बाजरी तो खातोही आवडीने. पण नाव आलं ते ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून. तिथल्या कोरड्या माळरानावर हे पक्षी थव्याने, पाणी आणि गवताचं बी शोधत फिरतात. रानातला बजरीगर फक्त हिरवा-पिवळा. निळे, पांढरे ही माणसाने पिंजऱ्यात पैदा केलेली रंगसंगती. जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८४० साली हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या घरांत गेले. त्यातली एक जोडी २०१४ साली माझ्या घरात आली.

आमची मुलगी त्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. घर एकदम गप्प झालं. एके संध्याकाळी बायको पिंजरा घेऊनच आली. एक हिरवा, एक निळी. मी म्हटलं, अगं, पोपट पाळणं गुन्हा आहे. ती म्हणाली, दुकानदाराने सांगितलंय, देशी पोपट चालत नाही, हा परदेशी आहे, हा चालतो. ते खरंच होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपला पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही. या पाहुण्याला ती बंदी नाही. पाहुणा असल्याचा असाही एक फायदा!

नर कोणता, मादी कोणती, हे चोचीच्या वरच्या, नाकपुड्यांभोवतीच्या मऊ कातडीवरून ओळखतात. वयात आलेल्या नराची ती कातडी निळी, मादीची फिकट किंवा तपकिरी. पिल्लांत सगळ्यांचीच गुलाबी-जांभळट दिसते, त्यामुळे दुकानात लोक फसतात. दोन माद्यांना जोडी म्हणून घरी आणतात आणि यांचं पटत का नाही म्हणून काळजी करतात.

आमची जोडी खरीच जोडी होती. हिरवा दिवसभर बोलायचा. मान खालीवर हलवायचा, चोचीने पिंजऱ्याच्या तारेवर ठकठक करायचा, निळीजवळ सरकायचा, तिने ढकललं की मागे व्हायचा, पुन्हा सरकायचा. मग पोटातला दाणा चोचीत आणून तिला भरवायचा. आमच्या शेजारी सतारमेकर राहतात. तंबोऱ्याची जवारी काढताना ते एकच सूर पुन्हा पुन्हा छेडून बघतात. ते ऐकता ऐकता मी हिरव्याकडे बघायचो आणि वाटायचं, हाही तेच करतोय, तिच्या आवाजाला आवाज लावून बघतोय. माझी ही कविकल्पना नव्हती, हे पुढे कळलं. जोडी जमताना बजरीगरचा नर मादीच्या हाकेची नक्कल शिकतो आणि आपली हाक तिच्या हाकेसारखी करतो, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे. २०१९ सालच्या एका प्रयोगात तर याहून गंमत दिसली. ज्या नराला मादी आधी नापसंत करत होती, त्याला दाण्याच्या डबीचं अवघड झाकण उघडायला शिकवलं. त्याने ते उघडलेलं बघितल्यावर माद्यांचं मन त्याच्याकडे वळलं. मला आजवर आमच्या घरातली लोणच्याची बरणी उघडता आलेली नाही, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

पण निळी मला चावायची. दाणे घालायला हात आत घातला की चावली. सुरुवातीला मी तो अपमान समजलो. मी हात झटकायचो, ओरडायचो, एकदा तर चोचीवर टिचकी मारली. हे सगळं चूक होतं.

बजरीगरला हात नाहीत. दोन पाय बसायला, आणि चोच हा त्याचा तिसरा पाय. फांदीवर चढण्याआधी तो फांदी चोचीने धरून बघतो, ही माझं वजन घेईल का? तुम्ही बोट पुढे करता, तो चोचीने बोट धरतो. ते चावणं नसतं, ती चाचणी असते. आपण घाबरून बोट ओढतो. मग त्याच्या लेखी ही फांदी ऐन वेळी पळणारी ठरते. पुढच्या वेळी तो जोरात धरतो. आणि खरंच चावल्यावर जर हात मागे गेला, तर तो आणखी एक धडा शिकतो, चावलं की हात जातो. शिकवणारे आपणच असतो.

भीतीचं चावणं वेगळं. तेव्हा पक्षी आधी सांगतो. पिसं अंगाला घट्ट चिकटवतो, उंच आणि बारीक होतो, मागे झुकतो, चोच उघडी ठेवतो. वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटत असला पाहिजे. म्हणून हात वरून नेऊ नये. आधी काही दिवस पिंजऱ्याबाहेर नुसता ठेवावा. मग राळ्याचं कणीस हातात धरून दारात थांबावं. बोट न्यायचं ते खालून, पोटाशी. हे दोन दिवसांत होतं, दोन महिनेही लागतात. हे मी आज सांगतोय. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, बायकोला मात्र न वाचता माहीत होतं. मी चिडलो की ती आमच्या घरच्या दखनीत म्हणायची, “अजी, उसे नक्को है तो नक्को. क्यूं हात डालते?”

मग मडकं आलं. दुकानदार म्हणाला, जोडी आहे, मडकं लावा, पिल्लं होतील. पोटाला भोक पाडलेलं छोटं मडकं मिळतं, ते मी पिंजऱ्यात बांधलं. ऑस्ट्रेलियात हे पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतात, आणि पाऊस पडून बी मुबलक झालं की अंडी घालतात. म्हणजे पोटभर दाणा, मोठा दिवस आणि अंधारी पोकळ जागा, या तीन गोष्टी मिळाल्या की मादीच्या शरीराला वाटतं, हंगाम आला. रानात हंगाम संपतो. माझ्या घरात तो संपत नव्हता. वाटी कधी रिकामी नाही, दिवा रात्री अकरापर्यंत, आणि मडकं कायमचं बांधलेलं.

आठवडाभरात निळीच्या नाकावरची कातडी गडद तपकिरी झाली. ती मडक्यात जाऊ-येऊ लागली. हिरव्याने भरवलं की दांडीवर शेपटी उचलून, मान मागे टाकून स्तब्ध बसायची. तो पाठीवर चढून एक पंख तिच्याभोवती टाकायचा. दिवसातून अनेकदा. पाहुण्यांसमोर आम्ही पिंजऱ्यावर टॉवेल टाकत असू. एक दिवसाआड एक अशी पाच अंडी झाली. अठराएक दिवसांनी पहिलं पिल्लू फुटलं आणि पुढची तशीच, दिवसाआड. त्यामुळे एकाच मडक्यात थोरला डोळे उघडतोय आणि धाकटा नुकताच बाहेर येतोय, अशी भावंडं. त्या काळात ती चावायची ते हाड लागेल असं. माझा हात मडक्याकडे आला की फिस्स करून अंगावर यायची. मी म्हणायचो, बघ कशी कजाग आहे. आता कळतं की मादी आपल्या ढोलीसाठी दुसऱ्या मादीचा जीवही घेऊ शकते. ती मला सांगत होती, हे माझं घर आहे. पण ते सांगणंही मी ऐकून घेत नव्हतो.

पिल्लं पाच आठवड्यांनी बाहेर पडली. बाप त्यांना भरवत होता आणि ती पुन्हा मडक्यात जाऊन बसली होती. पुन्हा अंडी. पिल्लं मित्रांना वाटली. सगळे कौतुक करत होते. मी हिरव्यानिळीवर कविता लिहिली, भरवणाऱ्या चोचीवर. एका दिवाळी अंकात आली, पत्रं आली. अंक घरी आला तेव्हा निळी तिसऱ्यांदा बसली होती.

दिवाळीनंतर थंडी वाढली. एका सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसली. श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. मला वाटलं, थंडी वाजत असेल. संध्याकाळी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. ते सज्जन माणूस. म्हणाले, मी गाई-म्हशींचा डॉक्टर, एवढ्या लहान जिवाला हात लावायची मला भीती वाटते. पण बोटाने पोट चाचपून त्यांनी सांगितलं, अंडं अडकलंय. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. ते अंगात नसेल तर मादीचं शरीर स्वतःच्या हाडांतून काढतं, आणि तेही संपलं की स्नायूंना अंडं बाहेर ढकलण्याची ताकद राहत नाही. मी वर्षभर तिला राळे आणि बाजरी देत होतो. समुद्रफेसाचा एक तुकडा पिंजऱ्यात टांगायला हवा होता. मिरजेच्या कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात दहा-वीस रुपयांना मिळाला असता.

रात्री बायको तिला कापडात घेऊन दिव्याच्या उबेला बसली. मी शेजारी बसलो होतो. तिने बोट पुढे केलं तर निळीने चोचीने ते नुसतं धरून ठेवलं. पहाटेच्या अजानच्या सुमारास चोच सुटली.

बायकोने सकाळी पहिलं काम काय केलं असेल, तर मडकं सोडून परसात नेऊन ठेवलं. मला एवढंच म्हणाली, “तुमें उसपे कविता लिखे.” पुढे काही बोलली नाही. मी ती कविता नंतर कुठल्याही मुशायऱ्यात वाचली नाही, संग्रहातही घेतली नाही. कविता वाईट होती असं नाही.

ज्यांच्या घरी जोडी आहे, त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो. मादी वर्षाची होईपर्यंत मडकं लावू नका. वर्षातून दोनदा पिल्लं झाली की मडकं काढा आणि तिला विश्रांती द्या. रात्री पिंजरा लवकर झाकून दहा-बारा तासांचा अंधार द्या. अंडी नको असतील तर घातलेलं अंडं उचलून टाकू नका. ती त्याच्या जागी दुसरं घालते. ती थोडे दिवस बसेल, कंटाळून सोडेल. तळाशी फुगून बसलेला पक्षी म्हणजे थंडी नव्हे, त्याच तासाला उठून पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. बाहेर सोडलात तर आधी पंखा बंद करा. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. त्याची वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी मिनिटांत मरतो.

हिरवा एकटा राहिला. आम्ही त्याला सोबत म्हणून आरसा टांगला. तो आरशातल्या पक्ष्याला भरवू लागला. दिवसभर दाणा काढायचा आणि काचेला लावायचा. काच दाण्यांनी माखायची, पलीकडचा गिळायचा नाही. बायकोने तो आरसाही उतरवला. चार महिन्यांनी एक पिवळी मादी आणली. मडकं परसातच राहिलं. त्यात आता गवती चहा आहे. हिरवा पुढे पाच वर्षं जगला, २०१९ च्या पावसाळ्यात गेला.

त्यानंतर आमच्याकडे आलेल्या मादीशी माझी ओळख व्हायला तीन महिने लागले. मी रोज संध्याकाळी हात पिंजऱ्याच्या दाराशी ठेवून वाचत बसायचो. तिने पहिल्यांदा बोट चोचीत धरलं तेव्हा घाम फुटला, पण हात हलवला नाही. तिने दोनदा दाबून बघितलं आणि एक पाय ठेवला, मग दुसरा. बायको स्वयंपाकघरातून बघत होती, पण काही बोलली नाही.

आता ती टेबलावर येते. माद्यांना लाकूड, कागद कुरतडायची फार हौस. माझ्या बहुतेक हस्तलिखितांना समास उरलेला नाही. आज स्टुडिओत हे भाषण वाचायला बसलो तेव्हा पहिल्या पानाचा वरचा कोपरा नव्हता. सुरुवात कशी करायची ते मी तिथे लिहिलं होतं. म्हणून बाजारातल्या गृहस्थांपासून सुरू केलं.