खिडकी उघडी ठेवा, पण कधी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डॉक्टरांच्या तोंडी काही वाक्यं कायमची बसलेली असतात. 'पाणी उकळून प्या', 'गोळ्या मध्येच सोडू नका', ही त्यातलीच. माझ्या तोंडी असंच एक वाक्य होतं, 'घराची खिडकी उघडी ठेवा.' मुंबईच्या पूर्व उपनगरात, गोवंडीच्या बाजूला, एका दवाखान्यात मी बरीच वर्षं काम केलं. तिथे क्षयाचे रुग्ण पुष्कळ. खोकल्यातून बाहेर पडलेले क्षयाचे जंतू कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात, म्हणून घरात खेळती हवा हवी. हे शास्त्र आजही तितकंच खरं आहे. पण या वाक्यानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

दहा-बारा वर्षं झाली असतील. बार्शीकडून आलेलं एक कुटुंब आमच्याकडे औषधाला येत असे. नवरा बिगारी काम करायचा, त्याला क्षयाचे सहा महिन्यांचे उपचार चालू होते. दोन मुलं, त्यातल्या धाकट्याला सारखा खोकला आणि छातीत घरघर. दर खेपेला मी त्या बाईला विचारायची, "खिडकी उघडी ठेवतेस ना?" आणि ती मान डोलवायची. एक दिवस वस्तीत फिरणाऱ्या आमच्या आरोग्यसेविकेनं मला सांगितलं, की त्या घराच्या खिडकीला चक्क ताडपत्री ठोकलेली आहे. मला राग आला. पुढच्या वेळी रांगेतल्या सगळ्यांसमोर मी तिला बोलले, "अगं, तुला किती वेळा सांगायचं? नवऱ्याची काळजी आहे का नाही?"

ती शांतपणे म्हणाली, "म्याडम, तुमी एक डाव रातच्याला घरी या की. अकरा वाजता. मग खिडकी उघडून दावा."

मी गेले. आरोग्यसेविका सोबत होती. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. मुलं पोटमाळ्यावर झोपलेली. खिडकी दीड फुटाची, पूर्वेला, खाडीच्या अंगाला. ताडपत्री वर केली आणि पाच-सात मिनिटांत माझे डोळे झोंबायला लागले, घसा धरला. पलीकडच्या मोकळ्या जागेत कुणीतरी वायरी जाळत होतं. वरचं प्लास्टिक जळून गेलं की आत तांबं उरतं आणि तांब्याला भंगारवाला चांगला भाव देतो. त्याहून पलीकडे देवनारचं डंपिंग ग्राउंड. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा तिथे पडतो आहे. मी मुकाट्यानं ताडपत्री खाली सोडली.

पण गोष्ट इथे संपत नाही. खिडकी बंद झाल्यावरही माझ्या डोळ्यांची आग थांबेना. पाहिलं तर पोटमाळ्याच्या शिडीपाशी डासांची कॉइल जळत होती आणि तिचा धूर सरळ वर, मुलांच्या अंथरुणाकडे चढत होता. मी म्हटलं, "हा धूर?" ती हसून म्हणाली, "ह्याचा कुठं तरास? ह्याचा वास तर चांगला येतो."

श्रोतेहो, त्या एका उत्तरात मला सगळा विषय सापडला. हवा चांगली की वाईट हे माणूस नाकानं ठरवतो आणि डोळ्यांनी. घाण वास, काळा धूर, डोळ्यांची जळजळ म्हणजे खराब हवा. सुगंधी धूर म्हणजे निर्धोक. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो? पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मोजून दाखवलं होतं, की एक कॉइल पूर्ण जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरतात. सूक्ष्म म्हणजे किती? अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या जवळजवळ तिसाव्या भागाइतके. नाकातले केस, घशातला कफ यांना ते दाद देत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोचतात, त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणून त्यांचा संबंध खोकल्या-दम्यापुरता राहत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत जातो.

त्या रात्रीनंतर मी सल्ले देणं थोडं थांबवलं आणि विचारायला लागले. दुपारच्या वेळी वस्तीतल्या आठ-दहा जणींना गोळा करून बसायचं आणि साधे प्रश्न टाकायचे. इथली हवा कशी आहे? कशामुळे? त्यानं काय होतं?

बाहेरच्या हवेबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते ऐकून मी थक्क झाले. 'थंडीत रात्री अकरानंतर वास जास्त येतो, दुपारी येत नाही,' असं त्या सांगायच्या. हे अगदी बरोबर आहे. दुपारी मुंबईत समुद्रावरून वारा येतो आणि या वस्तीतला धूर खाडीकडे ढकलतो. रात्री वारा उलटतो. शिवाय थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसून राहते, धूर वर जाऊ शकत नाही. एकीनं सांगितलं, "गावाला नेलं की पोराचा खोकला आठ दिवसांत थांबतो, कुर्ल्याला उतरलं की पुन्हा सुरू." आपल्या भाषेत हवापालट हा जुना शब्द आहे. या बाईनं त्या शब्दाची परीक्षाच घेतली होती, दर मे महिन्यात.

पण घरातल्या हवेबद्दल विचारलं की गप्प. दाराबाहेर तीन विटांची चूल, त्यात फर्निचरच्या कारखान्यातली ढलपी, चिंध्या, पेटवायला प्लास्टिकची पिशवी, त्यावर आंघोळीचं पाणी. रॉकेलचा स्टोव्ह, कॉइल, नवऱ्याची विडी. हे प्रदूषण आहे असं कुणी म्हणालं नाही. ते 'आपलं' होतं. आणि आजारांच्या यादीत खोकला, दमा, डोळे, अंगाची खाज हे सगळं आलं, पण हृदयाचं नाव एकीनंही घेतलं नाही.

शेवटी मी विचारायची, "मग तक्रार का नाही करत?" उत्तर ठरलेलं असायचं, "सवय झाली." सुरुवातीला मला वाटायचं, ही बेफिकिरी आहे. हळूहळू कळलं, की 'सवय झाली' हा हिशेब आहे. वायरी जाळणारा शेजारीच आहे, त्याचीही दोन पोरं खोकतात. गॅसची टाकी संपली की एकदम पैसे काढावे लागतात, ढलपी मात्र रोज पाच-दहा रुपयांची मिळते. खोली बदलायची तर नवं डिपॉझिट कुठून आणायचं? जे बदलता येत नाही त्याबद्दल रोज बोलत राहणं माणसाला परवडत नाही.

हा अनुभव केवळ गोवंडीचा नाही. केनियातल्या नैरोबी शहरात दांडोरा नावाचं मोठं डंपिंग ग्राउंड आहे आणि त्याच्या शेजारी कोरोगोचो ही गरिबांची वस्ती. विवांडानी ही दुसरी वस्ती कारखान्यांना लागून आहे. तिथल्या रहिवाशांना हवेविषयी काय वाटतं याचे अभ्यास २०१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तिथेही लोक हवा ओळखत होते ती मुख्यतः वासावरून आणि दिसणाऱ्या धुरावरून. आणि तिथेही लोकांनी सांगितलं ते हेच, आता अंगवळणी पडलं.

मात्र संधी दिसली की हीच माणसं बोलतात. २०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचऱ्याला मोठी आग लागली. धूर इतका, की तो उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. तेव्हा सगळ्या मुंबईनं विचारलं, हे काय चाललंय? वस्तीतल्या बायकांना नवल याचं वाटलं, की लोकांना हे आत्ता कळलं! पुढे गोवंडीत दवाखान्यांचा जैविक कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध रहिवाशांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयानं तो दोन वर्षांत हलवायला सांगितलं. तेव्हा लोकांना कळत नाही, हे म्हणणं सोडून द्यायला हवं.

मग यंत्रं कशाला हवीत? हवीत, कारण नाकाला जे कळत नाही ते यंत्राला कळतं. आपल्याकडे २०१५ पासून हवा गुणवत्ता निर्देशांक रोज जाहीर होतो. सूक्ष्म कणांची चोवीस तासांची भारतातली मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती १५ सुचवली. आता देवनार-गोवंडी भागातही मोजणी होते. पण हा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. एका गल्लीत रात्री दोन तास जळणाऱ्या वायरी त्या सरासरीत विरून जातात. 'आज हवा मध्यम' असं फोनवर वाचणाऱ्या माणसाला त्या गल्लीतली रात्र कळणार नाही. ती कळायची तर तिथल्या बाईलाच विचारावं लागेल. यंत्राचा आकडा आणि तिची नोंद शेजारी-शेजारी ठेवायला हवी.

त्या बार्शीच्या कुटुंबाचं आम्ही मिळून वेळापत्रकच केलं. दुपारी बारा ते संध्याकाळी सहा खिडकी उघडी, रात्री जाळपोळ सुरू झाली की बंद. कॉइल बंद, मुलांना मच्छरदाणी. स्टोव्ह दाराशी, स्वयंपाक होईपर्यंत दार उघडं. चुलीत प्लास्टिक अजिबात नाही. नवऱ्यानं विडी सोडली, निदान मला तरी तसं सांगितलं! धाकट्याची घरघर कमी झाली, गेली नाही. नवऱ्याचा क्षय बरा झाला, पण जिना चढताना त्याला दम लागायचा तो लागायचाच. घरातल्या चार गोष्टी तिच्या हातात होत्या, त्या तिनं केल्या. खिडकीबाहेरचं तिच्या हातात नव्हतं. कचरा वेळेवर उचलणं, उघड्यावर जाळणं थांबवणं, वायरी सोलायला साधं यंत्र आणि भंगारवाल्याला दुसरी वाट देणं, गॅस परवडेल असा ठेवणं, ही कामं पालिकेची आणि सरकारची आहेत. आणि थोडी आपलीही, कारण तिथे जळणारी वायर आपल्याच घरातून फेकलेली असते.

तरुण डॉक्टर भेटले की मी त्यांना एवढंच सांगते. 'खिडकी उघडी ठेवा' हे जरूर सांगा. पण त्याआधी विचारा, की तुमची खिडकी कुठल्या बाजूला आहे, आणि रात्री तिथून काय येतं.