प्रश्न अब्रूचा नाही

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



युद्धं का होतात, असं विचारलं की आपण सीमा, तेल, बाजारपेठ अशी कारणं पटापट सांगतो. ती खरीच आहेत. पण अपमानाचं राजकारण आपण फारसं तपासत नाही. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकली गेली. तो अपमान हिटलरने वर्षानुवर्षं धगधगत ठेवला. १९१८ मध्ये जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही केली होती, तोच डबा १९४० मध्ये त्याच जागी आणवून त्याने हरलेल्या फ्रान्सकडून सही करून घेतली. राष्ट्राचा अपमान असा इतिहासात नोंदला जातो. बाईचा?

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांतल्या मुलींना फसवून, बळजबरीने लष्कराच्या वेश्यागृहांत डांबलं. त्यांना नाव दिलं 'आराम देणाऱ्या स्त्रिया'. (नाव कुणी ठेवलं, हे नावावरूनच कळतं!) युद्ध संपल्यावरही त्या गप्प राहिल्या, कारण घरी 'अब्रू' वाट पाहत होती. १९६५ मध्ये जपान आणि दक्षिण कोरियाने आपसातले दावे करार करून मिटवले. त्यात या बायकांचा उल्लेखही नव्हता.

१४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन ही कोरियन बाई स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता जगासमोर बोलली. मग इतर देशांतल्याही बोलू लागल्या. ८ जानेवारी १९९२ पासून सोलमध्ये जपानी दूतावासासमोर बुधवारची निदर्शनं सुरू झाली. १९९३ मध्ये जपान सरकारने लष्कराचा हात असल्याचं मान्य करून दिलगिरी व्यक्त केली आणि १९९५ मध्ये निधी उभारला. पण बायकांना द्यायची रक्कम सरकारी तिजोरीतून नव्हे, लोकांच्या देणग्यांतून येणार होती. कोरियातल्या बऱ्याच जणींनी ती नाकारली. पैशांची गरज नव्हती म्हणून नाही. म्हाताऱ्या, आजारी, गरीब होत्या त्या. सरकारने कायदेशीर जबाबदारी घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काहींनी पैसे घेतले. त्यांना नावं ठेवणं मला मुळीच पटत नाही.

२०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी पुन्हा तडजोड केली: १०० कोटी येन, आणि विषय 'कायमचा' बंद. या बायकांना आधी कुणी विचारलंच नाही. आपल्या सल्लाकेंद्रांत हे ओळखीचं वाटेल. दोन घरची वडीलधारी माणसं बसून आकडा ठरवतात आणि पोरीला बाहेरच्या खोलीत नुसतं कळवतात.

कायद्याची भाषाही फार वेगळी नव्हती. १९४९ च्या जिनिव्हा करारात बलात्कारापासून संरक्षण आहे, पण ते स्त्रियांच्या 'अब्रूवरील हल्ला' या नावाखाली. अब्रू कुटुंबाची असते, जातीची असते, देशाची असते. ती 'लुटली' की बाई संपते. आणि म्हणूनच शत्रू बाईला गाठतो. १९९४ च्या रवांडातल्या हत्याकांडानंतर आकायेसु या महापौरावर खटला भरला, तेव्हा मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. साक्षीदार बायका कोर्टात बोलल्या, तेव्हा आरोप वाढवले गेले. २ सप्टेंबर १९९८ रोजी निकाल लागला: बलात्कार हे वंशसंहाराचं साधन ठरू शकतं. त्या तीन न्यायाधीशांत एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले.

कोरियातल्या त्या आज्यांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच हयात आहेत. २०२३ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने जपानने भरपाई द्यावी असा निकाल दिला. जपानने तो मानलेला नाही.