दुखऱ्या हातांचा विरंगुळा
(धर्मग्रामांतील आजारी व वृद्ध जनांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



संधिवातानें ज्यांचीं बोटें ताठरलीं आहेत, थोड्याशा श्रमानें ज्यांना ग्लानि येते, त्यांना दुखण्याहूनही एक गोष्ट अधिक बोचते. ती म्हणजे, “आपण आतां निरुपयोगी झालों” ही भावना. तिच्यावर एक साधा उपाय आज सांगावयाचा आहे.

आंरी मातिस या फ्रेंच चित्रकारावर १९४१ सालीं, वयाला ७१ वर्षें झालीं असतां, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. तदनंतर त्याचा बहुतेक काळ अंथरुणांत किंवा चाकांच्या खुर्चीत जाई. उभें राहून रंगविणें दुष्कर झालें, तेव्हां त्यानें कात्री हातीं घेतली. साहाय्यकांनीं कागद रंगवावे, त्यानें ते कापावे आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें त्यांनीं ते भिंतीवर लावावे, अशी कामाची वांटणी ठरली. अशाच कात्रणांतून वांस येथील डोमिनिकन धर्मभगिनींच्या प्रार्थनामंदिरांतील रंगीत कांचांचे नमुने तयार झाले. तें मंदिर १९५१ सालीं अभिषिक्त झालें. मातिसनें कामच आपल्या शक्तीच्या मापाचें करून घेतलें होतें.

आपणांसही हें साधेल. क्रोशाची सुई बारीक असली कीं बोटें आवळावीं लागतात व कळ येते. म्हणून तिच्या दांड्यास कापडाची पट्टी गुंडाळावी. सुती दोऱ्यापेक्षां लोंकर अधिक ताणली जाते, त्यामुळें ती हातास सोपी पडते. अखंड चादरीचें ओझें मांडीवर घेण्यापेक्षां वीतभर चौकोन विणावे व मागाहून जोडावे. कोपराखालीं उशी घ्यावी. ताठरपणा बहुधा सकाळीं अधिक असतो. बोटें मोकळीं झाल्यावरच बसावें. दहापंधरा मिनिटांनीं, दुखूं लागण्यापूर्वींच, हात थांबवावा. बऱ्या दिवशीं दुप्पट काम करण्याचा मोह होतो. पण त्याचें व्याज पुढील दोन दिवस फेडावें लागतें.

ज्यांना सुई धरवत नाहीं, त्यांनीं जपमाळेचे मोठे लांकडी मणी ओंवावे. दोऱ्याचें टोंक मेणानें ताठ करावें आणि मणी घरंगळूं नयेत म्हणून ताटांत कापड अंथरावें. पांच दशकांच्या माळेंत ५९ मणी असतात. रोज दहा ओंवले तरी सहा दिवसांत माळ पुरी होते. गांठी नातवंडांनीं माराव्या.

मात्र आवड हीच पहिली कसोटी समजावी. काम करितांना मन हलकें होत असेल, तर तें काम आपलें. तें केव्हां संपेल याचीच वाट पाहावी लागत असेल, तर निःसंकोच सोडून दुसरें धरावें. बोटें नव्यानें सुजलीं अथवा बधिर झालीं, तर वैद्यांस दाखविण्यास विलंब करूं नये.

शेवटीं घरच्या मंडळींस एक विनंति. “किती झालें?” असें आजीबाईंना विचारूं नका. त्यांच्यापाशीं बसा, विणलेला चौकोन हातीं घेऊन पाहा, आणि पुढचा रंग कोणता घ्यावयाचा, तें त्यांनाच ठरवूं द्या.